तिसरे सरण : थेरीगाथेतील आर्त स्त्रिया आणि संघाचा आधार

दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि दुःखाचा निरोध करता येतो, ही तथागतांच्या धम्माची बैठक आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. वर्षावासातील प्रवचनांतून ती दरवर्षी आपल्या कानांवर पडते. परंतु दुःख हा शब्द वारंवार उच्चारला गेला की तो हळूहळू केवळ तत्त्वज्ञानातील एक संज्ञा बनतो. तो शब्द कोणा एका स्त्रीच्या पाठीवरील वळांचा, कोणा एका मातेच्या रिकाम्या कुशीचा किंवा अपमानाने गोठून गेलेल्या एखाद्या मनाचा आहे, याचे भान सुटते. हे भान पुन्हा जागे करावयाचे असेल तर खुद्दक निकायातील थेरीगाथेकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही, असे आम्हांस वाटते.

थेरीगाथा हा त्रिपिटकातील एक छोटा ग्रंथ आहे. त्यात ७३ गाथासमूह असून ते बुद्धकालीन आणि त्यानंतरच्या काही भिक्खुणींच्या नावे आहेत. रिशार्ड पिशेल यांनी संपादित केलेली त्याची रोमन लिपीतील आवृत्ती पाली टेक्स्ट सोसायटीने १८८३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९०९ मध्ये कॅरोलाइन ऱ्हीस डेव्हिड्स यांचा इंग्रजी अनुवाद आला. तेव्हापासून या ग्रंथाचा विचार बहुधा दोन दृष्टींनी झाला : एक काव्य म्हणून आणि दुसरा स्त्रीमुक्तीची साक्ष म्हणून. हे दोन्ही विचार योग्यच आहेत. आम्ही मात्र येथे एक तिसरा प्रश्न विचारू इच्छितो. ज्या स्त्रिया शोकाने, छळाने, दारिद्र्याने वा अत्याचाराने मोडून पडल्या होत्या, त्या पुन्हा उभ्या कशा राहिल्या? त्यांना कोणी हात दिला, आणि तो कोणत्या रीतीने दिला?

आरंभीच एक पथ्य सांगितले पाहिजे. गाथा वेगळ्या आणि त्यांच्यावरील अट्ठकथा वेगळी. धम्मपाल या आचार्यांची अट्ठकथा गाथांच्या नंतर अनेक शतकांनी रचली गेली. आज सर्वतोमुखी असलेल्या कथांपैकी पुष्कळ तपशील अट्ठकथेतील आहेत. ते प्रत्यक्ष घडलेले चरित्र म्हणून नव्हे, तर संघाने आपल्या स्मरणात काय जपले याचा पुरावा म्हणून वाचावेत, हे उचित होय.

पटाचारेची कथा आणि पटाचारेची गाथा

अट्ठकथा सांगते की, पटाचारा ही सावत्थीच्या एका धनिक श्रेष्ठीची कन्या. घरातील सेवकाशी तिचे प्रेम जडले आणि ती त्याच्यासह दूरच्या गावी निघून गेली. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माहेरी जात असता वाटेत वादळाने गाठले. आडोशासाठी काटक्या तोडावयास गेलेला पती सर्पदंशाने मरण पावला. नदी ओलांडताना तान्हे मूल ससाण्याने उचलून नेले आणि थोरले प्रवाहात वाहून गेले. सावत्थीच्या वेशीवर पोहोचते तो कळले की, त्याच वादळात घर कोसळून मातापिता आणि भाऊ गेले असून त्यांची एकच चिता जळत आहे. तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला कळले नाही. लोकांनी तिला वेडी ठरविले, तिच्यावर कचरा आणि ढेकळे फेकली.

अशा अवस्थेत ती जेतवनात आली. तेथे जमलेल्या श्रोत्यांनी तिला अडविण्याचा प्रयत्न केला. तथागतांनी तिला येऊ देण्यास सांगितले. भगिनी असे संबोधून त्यांनी तिला स्मृती परत मिळविण्यास सांगितले. त्या एका संबोधनाने तिला आपल्या नग्नतेची जाणीव झाली, आणि सभेतील एका पुरुषाने आपले उत्तरीय तिच्याकडे टाकले.

या प्रसंगातील क्रम नीट पाहिला पाहिजे. प्रथम प्रवेश मिळाला, मग नात्याचे संबोधन मिळाले, मग अंग झाकावयास वस्त्र मिळाले, आणि उपदेश त्यानंतर आला. अनित्यतेचा सिद्धान्त तिला वेशीवर ऐकविला गेला नाही. आपल्याकडे सांत्वनास जाणारा मनुष्य बहुधा उलट क्रमाने वागतो. तो आधी उपदेश करतो, वस्त्राचे त्याला आठवत नाही, आणि दार तर कित्येकदा बंदच असते. अट्ठकथाकारांनी हा क्रम जाणीवपूर्वक रचला असो वा नसो, बौद्ध परंपरेने शतकानुशतके जपलेली सांत्वनाची रीत ती हीच.

आता प्रत्यक्ष गाथेकडे वळू. पटाचारेच्या नावे असलेल्या गाथेत पती नाही, पुत्र नाही, चिता नाही. तेथे आहे ती एक साधी संध्याकाळ. शेतकरी नांगरतो, पेरतो, पोराबाळांचे पोषण करतो. मग शीलाने वागूनही आपणास फळ का लाभत नाही, असा प्रश्न ती स्वतःला विचारते. पाय धुताना उंचावरून सखल भागाकडे वाहणारे पाणी ती पाहते. मग दिवा घेऊन विहारात जाते, शय्या पाहते, मंचकावर बसते, सुईने वात खाली ओढते. आणि दिवा निमतो तसे तिचे चित्त विमुक्त होते.

गाथा आणि कथा यांमधील हे अंतर आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. जेतवनातील तो दिवस आणि दिव्याची ती संध्याकाळ एकच नव्हेत. दोहोंच्या मध्ये विहारातील अनेक दिवस आहेत : ठरावीक वेळी उठणे, भिक्षेस जाणे, पाय धुणे, दिवा लावणे, सोबतिणींसह राहणे. मोडलेले मन एका उपदेशाने सांधले जात नाही. त्याला दिनचर्या लागते, सुरक्षित छप्पर लागते आणि वेळ लागतो. अंगुत्तर निकायातील अग्रस्थानांच्या यादीत पटाचारेस विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत पहिले स्थान दिले आहे. जिला अंगावरच्या वस्त्राचे भान उरले नव्हते, तीच पुढे संघाच्या आचारनियमांची जाणती झाली.

आधार घेणारी आधार देते

पटाचारेची कथा येथे संपत नाही. आमच्या दृष्टीने ती येथे सुरू होते. थेरीगाथेत आणखी काही गाथासमूह असे आहेत की, ज्यांत पटाचारा ही दुसऱ्यांची आधारदाती म्हणून येते.

चंदा नावाची थेरी आपली हकिकत सांगते. ती विधवा होती, निपुत्रिक होती. तिला ना आप्त होते, ना मित्र. अन्नवस्त्राला मोताद होऊन हाती पात्र आणि काठी घेऊन ती सात वर्षे दारोदार हिंडली. थंडीने आणि उन्हाने होरपळली. एके दिवशी अन्नपाणी मिळालेली एक भिक्खुणी तिच्या दृष्टीस पडली, आणि तिने आपणास प्रव्रज्या देण्याची विनंती केली. पटाचारेने अनुकंपेने तिला प्रव्रज्या दिली. चंदा हे लपवीत नाही की, तिला संघाकडे नेणारी पहिली गोष्ट भूक होती. संघानेही तिच्या भुकेला कमी लेखले नाही.

याहून अधिक बोलका गाथासमूह आहे तो पाचशे स्त्रियांच्या नावे असलेला. पाचशे हा आकडा पाली वाङ्मयात बहुसंख्या दर्शविण्यासाठी येतो, हे अभ्यासकांस ठाऊक आहे. या सर्व स्त्रियांचे पुत्र गेले होते. त्या पटाचारेकडे आल्या. कोणत्या वाटेने आला आणि कोणत्या वाटेने गेला हे ज्याच्याविषयी ठाऊक नाही, त्याच्यासाठी शोक कसा करावा, असे तिने त्यांना विचारले. आपल्या हृदयात दडलेले शल्य तिने उपटून काढले, असे त्या सांगतात. हेच शब्द दुसऱ्या कोणी उच्चारले असते तर ते कठोर वाटले असते. परंतु बोलणारी स्वतः दोन मुलांना मुकलेली होती आणि ऐकणाऱ्या ते जाणत होत्या. समदुःखी माणसाच्या शब्दाला जो अधिकार असतो, तो केवळ विद्वत्तेने प्राप्त होत नाही.

वासेट्ठीची गाथाही येथे आठवते. पुत्रशोकाने वेडी झालेली ही स्त्री विवस्त्र, केस मोकळे सोडून, रस्त्यांवर, उकिरड्यांवर आणि स्मशानांत तीन वर्षे भुकेली-तहानेली भटकत होती. मिथिलेकडे निघालेल्या तथागतांना तिने पाहिले आणि तिचे चित्त ठिकाणावर आले. तीन वर्षे हा अवधी गाथेत स्पष्ट नमूद केला आहे. शोकाला लागणारा काळ लपविण्याची अथवा त्याची लाज बाळगण्याची गरज त्या थेरीला वाटली नाही.

आणि किसागोतमी. मोहरीच्या दाण्यांची कथा आपल्या मुलांनाही पाठ असते. मात्र ती कथा अट्ठकथेतील आहे. तिच्या नावे असलेल्या गाथेत मोहरी नाही. तिची गाथा सुरू होते ती कल्याणमित्रांच्या स्तुतीने. कल्याणमित्रांची संगत धरल्यास अज्ञही शहाणा होतो आणि माणूस दुःखांतून सुटतो, असा तिचा आशय आहे. त्यानंतर ती स्त्रीजन्मातील दुःखे सांगते : सवतीचा जाच, बाळंतपणाच्या यातना, आणि त्या असह्य होऊन स्वतःचा गळा कापणाऱ्या किंवा विष घेणाऱ्या स्त्रिया. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका परंपरेने स्त्रियांच्या आत्मघाताची नोंद धर्मग्रंथात करून ठेवावी आणि त्याच गाथेच्या प्रारंभी कल्याणमित्रता ठेवावी, हा केवळ योगायोग आहे असे आम्ही मानीत नाही.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. स्वतःच स्वतःचा दीप व्हा, या बुद्धवचनाचा अर्थ अनेकदा असा लावला जातो की, दुःखिताने आपले आपण सावरावे, दुसऱ्याकडे आधार मागणे ही दुर्बलता होय. हा अर्थ धम्माला धरून नाही. त्या उपदेशाचा रोख परावलंबी श्रद्धेविरुद्ध आहे, परस्परसाहाय्याविरुद्ध नाही. तसे असते तर त्रिसरणांत तिसरे सरण संघाचे ठेवण्याचे प्रयोजन काय होते? विनयपिटकात अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः स्नान घातले आणि भिक्खूंना बजावले की, तुमची काळजी घ्यावयास येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग आवर्जून घेतला आहे, आणि त्याच भागात विशाखा व किसागोतमी यांच्या सांत्वनाचे प्रसंगही दिले आहेत.

इसिदासी आणि पूर्वकर्माचा प्रश्न

छळ आणि अवहेलना यांच्या दृष्टीने थेरीगाथेतील सर्वांत तपशीलवार निवेदन इसिदासीचे आहे. पाटलिपुत्र नगरात भिक्षा आटोपून, भोजन करून, पात्रे धुऊन दोघी भिक्खुणी निवांत बसल्या आहेत. बोधी नावाची थेरी विचारते : तू सुंदर आहेस, तुझे वयही उताराला लागलेले नाही, मग कोणता दोष पाहून तू संसार सोडलास? या प्रश्नानंतर बोधी मध्ये बोलत नाही. ती ऐकते.

इसिदासी सांगते की, ती उज्जैनीच्या एका शीलवान श्रेष्ठीची लाडकी कन्या. साकेतच्या श्रेष्ठी कुळात तिचा विवाह झाला. ती सकाळ-संध्याकाळ सासूसासऱ्यांच्या पाया पडे, स्वतः रांधी, भांडी धुई, पतीला दासीप्रमाणे सजवी. तरीही पतीने आईबापांस सांगितले की, इसिदासीसह एका घरात आपण राहणार नाही. सासूसासऱ्यांनी तिलाच विचारले की, तुझ्या हातून काय अपराध घडला? आपण काहीच अपराध केला नाही, असे तिने उत्तर दिले. तिला माहेरी पोहोचविण्यात आले. दुसरा विवाह एक महिना टिकला, तिसरा एक पंधरवडा. तेव्हा मरावे किंवा प्रव्रज्या घ्यावी, असे तिच्या मनाने घेतले. त्याच सुमारास जिनदत्ता नावाची विनय जाणणारी भिक्खुणी घरी भिक्षेस आली, आणि मरण व प्रव्रज्या यांपैकी दुसरी वाट इसिदासीसमोर खुली झाली.

येथवरचे निवेदन कोणत्याही काळातील वाचकाच्या मनास भिडेल असे आहे. परंतु पुढे हीच गाथा या छळाचे कारण इसिदासीच्या पूर्वजन्मांतील दुष्कृत्यांत शोधते. पाटलिपुत्राचे नगर म्हणून आलेले वर्णन आणि अन्य लक्षणे पाहता ही गाथा उत्तरकालीन आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ती केव्हाची असो, तिच्या या भागाविषयी आमची भूमिका स्पष्ट आहे. सासरचे लोक तुझा काय अपराध झाला असे विचारतात, आणि पूर्वकर्माचा सिद्धान्तही तेच विचारतो. दोघेही छळ करणाऱ्याला सोडून छळ सोसणारीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची केलेली चिकित्सा याच ठिकाणी उपयोगी पडते. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाने आणि राज्यसंस्थेने झटकून टाकावी, याखेरीज या कल्पनेतून काही निष्पन्न होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. अस्पृश्यतेच्या बाबतीत आपण हा सिद्धान्त नाकारला. मार खाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचे नशीब, तिचे भोग, हे शब्द आपल्याही घरांत आजतागायत ऐकू येतात. ही विसंगती आपण दूर केली पाहिजे.

दोष कोणाचा?

विनयपिटकात याविषयी एक निःसंदिग्ध निर्णय आहे. उप्पलवण्णा या थेरीवर तिच्या कुटीत दबा धरून बसलेल्या एका तरुणाने अत्याचार केला. तिने ही गोष्ट इतर भिक्खुणींना सांगितली, भिक्खुणींनी भिक्खूंना आणि भिक्खूंनी तथागतांना सांगितली. तथागतांचा निर्णय असा की, जिची संमती नव्हती तिला कोणताही दोष नाही. उप्पलवण्णेचे स्थान यत्किंचितही ढळले नाही. परंपरा तिला ऋद्धिमान भिक्खुणींत अग्रस्थान देते.

या नोंदीत तीन गोष्टी आहेत. ती बोलू शकली, कारण ऐकणाऱ्या सोबतिणी होत्या. तिचे म्हणणे दडपले न जाता सर्वोच्च स्थानापर्यंत पोहोचले. आणि निर्णय देणाऱ्याने दोषाचा भार तिच्यावरून पूर्णपणे उतरविला. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीच्या मनात अपराधीपणाची जी भावना घर करून राहते, तिचा निरास हे सावरण्याचे एक महत्त्वाचे पाऊल आहे, असे आजचे मानसशास्त्रही मानते.

विनयात भिक्खुणींनी अरण्यात वास्तव्य करू नये असा नियम आहे, आणि धम्मपद अट्ठकथा सांगते की, पसेनदी राजाने भिक्खुणींसाठी नगरात निवासस्थान बांधविले. हा नियम भिक्खुणींच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालणारा होता, हे नाकारता येत नाही. परंतु त्यातून सुरक्षित निवाऱ्याची जबाबदारी समाजावर आली, हेही तितकेच खरे. आपल्या महाराष्ट्रातच याची खूण सापडते. जुन्नरच्या एका शिलालेखात नगरातील धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्खुणी-उपाश्रयाचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या भिक्खुणींची नावे आढळतात. ज्या भूमीवर आज आपली विहारे उभी आहेत, त्या भूमीवर स्त्रियांचा हा आश्रय एके काळी प्रत्यक्षात होता.

या इतिहासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. भिक्खुणींवर आठ गुरुधम्मांचे बंधन होते. आश्रयाचा मार्ग मुख्यतः गृहत्यागाचा होता. घरात राहून छळ सोसणाऱ्या स्त्रीसाठी स्वतंत्र व्यवस्था नव्हती. आणि पुढे भारतातून धम्म लोपला तेव्हा हे छप्परही नाहीसे झाले. बुद्धाने स्त्रियांची अवनती केली या आरोपाला उत्तर देताना बाबासाहेबांनी १९५१ साली 'महाबोधी' मासिकात जो लेख लिहिला, त्यात प्रव्रज्येचा अधिकार स्त्रीला मिळणे ही केवढी क्रांती होती, हे त्यांनी विशद केले आहे. त्या अधिकारासोबत मिळालेला आसरा आपण गमावला, एवढेच आम्ही त्यास जोडू इच्छितो.

आपल्या काळातील परंपरा

हा तुटलेला धागा आधुनिक काळात पुन्हा जोडला गेला तो महाराष्ट्रातच. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या, समाजाने झिडकारलेल्या विधवांनी गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, एवढाच त्याचा हेतू होता. तेथे अपराध विचारला जात नव्हता. अशाच एका विधवेचा पुत्र यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

खुद्द बाबासाहेबांनी आपल्यावर आणि इतरांवर झालेले आघात १९३५-३६ च्या सुमारास लिहून ठेवले. ते टिपण १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. गोरेगावच्या प्रवासात पाण्याविना तळमळलेले मूल आणि बडोद्यात निवाऱ्यातून हाकलला गेलेला उच्चविद्याविभूषित तरुण त्या टिपणात आहेत. जे सोसले ते सांगितले पाहिजे, आणि ते आपल्या एकट्याचे नाही हे ओळखले पाहिजे, हा त्या लेखनाचा धडा आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुमारे २५,००० स्त्रिया जमल्या होत्या. या परिषदेने घटस्फोटाच्या अधिकाराची आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध कायद्याची मागणी केली. इसिदासीला मरण किंवा प्रव्रज्या एवढ्याच दोन वाटा दिसल्या होत्या. नागपूरच्या स्त्रियांनी तिसरी वाट मागितली, ती कायद्याची. हिंदू कोड बिल रखडल्याच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या विवाह कायद्यात क्रूरता हे प्रथम केवळ न्यायिक विभक्ततेचे कारण होते. १९७६ च्या दुरुस्तीने ते घटस्फोटाचे कारण झाले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शारीरिक माराबरोबरच मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही हिंसा मानला, आणि स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला.

परंतु कायदा झाला म्हणून जखम बोलू लागत नाही. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली ग्रंथरूपाने आले. वस्तीतील सुनांना होणारी अमानुष मारहाण त्यांनी त्यात कोणाचीही भीड न बाळगता लिहिली. आपले लेखन आपण कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते आणि आपणही पतीचा मार सोसला होता, हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. ज्यांनी वस्तीला धम्म दिला, चळवळ दिली, त्यांनाही स्वतःच्या घरातील मार सांगावयास इतकी वर्षे लागली. याच बेबीताईंनी फलटणजवळ निराधार मुलांसाठी आश्रमशाळा चालविली. आधार न लाभलेली स्त्री आधार देणारी झाली. पटाचारेची परंपरा ती हीच, असे आम्ही मानतो.

विहारापुढील प्रश्न

आता प्रश्न आपला आहे. आपल्या गावोगावच्या विहारांत पौर्णिमेस वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते, जयंतीस मिरवणूक निघते. हे सर्व आवश्यक आहे. परंतु एखादी धम्मभगिनी मार खाऊन रात्री विहाराच्या दाराशी आली, तर ते दार उघडले जाते काय? ती बोलू लागली, तर बोधी थेरीप्रमाणे मध्ये न बोलता तिचे कोणी ऐकून घेते काय? की समाजाची बदनामी नको, पती चळवळीतील कार्यकर्ता आहे, घरातील गोष्ट घरातच राहू दे, असे तिला सांगितले जाते? आम्ही आमच्याच सभांतून हा उपदेश ऐकला आहे, आणि त्या वेळी मौन पाळण्याचा दोष आमच्याकडेही आहे, हे कबूल केले पाहिजे.

थेरीगाथेचा आणि विनयाचा इतिहास आपणांस काही साध्या गोष्टी शिकवितो. आधी आसरा, मग उपदेश. आधी ऐकणे, मग सांगणे. दोष सोसणारीचा नव्हे. सावरावयास लागणारा काळ मोजू नये. जिने तेच दुःख पाहिले आहे, तिला सोबतीस द्यावे. या पाच गोष्टींसाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक विहारातील महिला मंडळाने दोन-तीन जाणत्या भगिनींवर ही जबाबदारी सोपवावी. त्यांना कायद्याची, संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयाची आणि १८१ या महिला मदत क्रमांकाची माहिती असावी. ज्या वेळी मनाची जखम खोल असते, झोप उडते, जीव नकोसा होतो, त्या वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत घेऊन जावे. १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवाही उपलब्ध आहे. ध्यानभावना उपकारक आहे, परंतु ती औषधोपचाराची किंवा पोलीस तक्रारीची जागा घेऊ शकत नाही. बाणाने घायाळ झालेल्याचा बाण वैद्याकडून काढवून घ्यावा, हा दृष्टान्त तथागतांचाच आहे.

आणि ही जबाबदारी केवळ भगिनींची नव्हे. जेतवनात वस्त्र टाकणारा तो पुरुष होता. अट्ठकथेने त्याचे नाव जपून ठेवलेले नाही. त्याने काही प्रवचन दिले नाही. समोर उभ्या असलेल्या स्त्रीला त्या क्षणी ज्याची गरज होती ते त्याने दिले. आपल्या विहारांतून असे अनामिक हात पुढे येऊ लागतील, तेव्हाच आपण तिसरे सरण खऱ्या अर्थाने उच्चारले असे होईल.